न दिसणारी शिवण

समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून अधिक उंचीवर वसलेल्या बंगळुरूत डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा सुमारे १५-१६ अंशांवर येतो. १३ जानेवारी १८८४ रोजी तो ७.८ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. पण तो अपवाद. एरवी या शहराची थंडी बारीक लोकरीच्या अथवा सुती धाग्याच्या हलक्या स्वेटरवर भागते. मात्र जाड, केसाळ लोकर शिवणीचे दोष पोटात घालते, तर बारीक गुळगुळीत धागा ते चव्हाट्यावर मांडतो. महिनाभर खपून पाठ, पुढचा भाग आणि बाह्या सुबक विणाव्यात आणि अखेरच्या तासाभराच्या घाईत बगलेखाली दोरीसारखी वळी उमटावी, हे अनेक घरांत घडते.

सर्वसाधारणपणे दोन भाग उलटे धरून काठावरून हातशिलाई केली जाते. काठाचे टाके मुळातच सैल-घट्ट असल्याने ते सुलट बाजूस डोकावतात. इंग्रजीत ‘मॅट्रेस स्टिच’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अदृश्य शिवणीत दोन्ही भाग सुलट बाजू वर ठेवून शेजारी मांडतात. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा विणीत काठाचा पहिला आणि दुसरा टाका हलकेच विलग केला, की मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतात. बोथट टोकाच्या सुईने खालून वर जात एका बाजूची पायरी उचलावी, मग समोरची. ज्या छिद्रातून सुई बाहेर आली, पुढील खेपेस तेथूनच ती आत जावी. पाच-सहा पायऱ्यांनंतर धागा ओढताच दोन्ही काठ आत वळतात आणि वीण सलग दिसू लागते. प्रत्येक काठाचा एक टाका असा शिवणीत जमा होतो. टाके घालतानाच ही तजवीज हवी.

बाजूच्या शिवणीसाठी दोन्ही भागांतील ओळी समान असाव्या लागतात. हा ताळेबंद शेवटी ओढूनताणून जुळत नाही. सरळ बाहीचा वरचा काठ अंगाला जोडताना मात्र टाक्यांसमोर ओळी येतात. टाका उंचीपेक्षा रुंद असल्याने साधारणतः ३ टाक्यांस ४ ओळी असा हिशेब ठेवावा.

भाग आधी ओले करून, मापात पसरून वाळवल्यास काठ गुंडाळले जात नाहीत. धागा ओढण्याचा जोर बेताचा असावा; दर वीतभर शिवणीनंतर कापड ताणून पाहावे. विणीबरोबर शिवण ताणली गेली नाही, तर तेवढाच भाग लगेच उसवणे श्रेयस्कर. उरलेले टोक गाठ न मारता आतील बाजूस शिवणीतच ओवून टाकावे.