नायटा, मलम आणि त्यातलं स्टेरॉइड
पावसाळा आला की आम्हा त्वचारोगतज्ज्ञांकडे एक तक्रार हमखास येते: "मलम लावलं की नायटा दोन दिवसांत बसतो, सोडलं की दुप्पट येतो."

दुकानातून विचारून आणलेल्या त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा बुरशीनाशकाबरोबर क्लोबेटासॉलसारखं तीव्र स्टेरॉइड असतं. ते खाज, लाली दाबतं. पण बुरशीशी लढणारी त्वचेची ताकदही दाबतं. म्हणजे लक्षण झाकलं, आजार पसरतच राहिला. नायट्याची गोल कड पुसट होते आणि मग आम्हालाही तो ओळखणं अवघड जातं. जांघेत त्वचा नाजूक. तिथे पडलेले ताणाचे व्रण कायमचे राहतात.

म्हणूनच २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची झाली.

मग काय करायचं? ट्यूबवरचे घटक वाचायचे. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन दिसलं तर आपल्या मनाने लावायचं नाही. डॉक्टरांनीच दिलं असेल, तर सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवसच. नुसतं बुरशीनाशक मात्र डाग गेल्यावरही साधारण दोन आठवडे लावायचं. आणि उरलेली ट्यूब घरात दुसऱ्या कुणाला द्यायची नाही.