प्राचार्यपद आणि आत्मभान

प्राचार्य म्हणजे संस्थेचा कारभारी, ही समजूत बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या शिक्षक-कार्यकर्त्यांतही रूढ आहे. वेळापत्रक, परीक्षा, अनुदान हे त्याला पाहावेच लागते. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ज्ञानबंदी होती त्यांच्या महाविद्यालयाचा प्राचार्य एवढ्यावरच थांबला तर ते पद वाया गेले, असे मी मानतो.

अमेरिकेचे उदाहरण घ्या. कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणाचे केंद्र ठरलेले हॉवर्ड विद्यापीठ १८६७ साली स्थापन झाले. पण त्याच्या अध्यक्षपदी पहिला कृष्णवर्णीय माणूस बसायला १९२६ साल उजाडावे लागले. ते मॉर्डेकाय जॉन्सन. त्यांचे वडील गुलामगिरीत जन्मलेले. जॉन्सन १९६० पर्यंत अध्यक्ष होते. त्यांच्या काळात हॉवर्डमध्ये कायदा शिकलेल्या थर्गुड मार्शल यांनीच शाळांतील वर्णभेदाविरुद्धचा खटला लढवला आणि १९५४ साली तो जिंकला. शिक्षणसंस्था कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न म्हणूनच मानापुरता नसतो.

आपल्याकडे बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. पुढे त्याला नाव मिळाले ‘मिलिंद’. भिक्खू नागसेनाला निर्भयपणे प्रश्न विचारणारा तो राजा. शंका घेणे हा जिथे गुन्हा होता, तिथे शंकेलाच दिलेला हा मान होता. या महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. पुढे प्राचार्य झालेले डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत इंग्रजी साहित्याचा अभ्यास करून आले होते. परतल्यावर, १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात, त्यांनी आपल्या लेखकांना कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख करून दिली.

त्यातून काय साधले? अनुकरण नव्हे. आपले दुःख, आपली बोली, आपला संताप हाही वाङ्मयाचा विषय होऊ शकतो, याची खात्री पटली. प्रस्थापित समीक्षेच्या परवानगीची गरज उरली नाही. परदेशी पदवी अनेकांनी आणली. वानखडे यांनी ती आपल्या माणसांच्या कामी लावली.

मेहकर-चिखलीकडची आपली मुलेमुली उद्या अशा खुर्च्यांवर बसतील. खुर्ची मिळाली का, एवढेच त्यांना विचारू नका. त्या खुर्चीसमोर विद्यार्थ्याला निर्भयपणे प्रश्न विचारता येतो का, हेही विचारा.