फिर्याद डिस्कची, गुन्हा केबलचा

सकाळी ९:३०
शटर वर घेतलं की आधी फडकं. हायवेची धूळ रात्रभर आत येत राहते आणि यूएसबीच्या पोर्टात जाऊन बसते. एप्रिल चालू आहे, म्हणजे लग्नसराई. नांदुऱ्यातल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात या दिवसांत मोबाईलपेक्षा फोटो स्टुडिओवाल्यांच्या हार्ड डिस्कच जास्त येतात.

१०:००
पहिला स्टुडिओवालाच. रुमालात गुंडाळलेली एक टीबीची पोर्टेबल डिस्क काउंटरवर ठेवत म्हणाला, "भाऊ, उघडूनच नाही राहिली. दोन लग्नं आहेत यात. पोरीचा बाप रोज फोन करून राहिला."

"फॉरमॅट करा असं आलं असंल. दाबलं का?"

"नाही ना बापा!"

निम्मं काम तिथंच झालं. ती पाटी आली म्हणजे डेटा गेला असं नसतं. संगणकाला डिस्क नीट वाचता आली नाही, एवढंच. लोक घाबरून 'हो' दाबतात, मग खरी पंचाईत.

त्याच्याच केबलीवर एकदा लावून कान दिला. फिरायला लागते, टिक् करते, थांबते, पुन्हा सुरू. लगेच काढली. हा आवाज दोन कारणांनी येतो. एक, आतलं हेड गेलं. तसं असेल तर डिस्क पुन्हापुन्हा लावणं म्हणजे चकती खरवडणं, आणि इलाज मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये, खर्च हजारांत. दुसरं, वीज पुरत नाही. स्टुडिओत डिस्क कशी लावतो ते विचारलं. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात एक्स्टेन्शन, त्याला ही दीड मीटरची बारीक केबल, आणि डिस्क सीपीयूवरून लोंबती. यूएसबी २.० पोर्टातून ५०० मिलिअँपिअर मिळतात, ३.० मधून ९००. चकती फिरायला सुरुवात करते तेव्हा ती सगळ्यात जास्त ओढते, आणि लांब बारीक तारेत व्होल्टेज वाटेतच गळतं.

वीतभर लांबीची जाड केबल घेतली आणि मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या निळ्या पोर्टात घातली. टिकटिक बंद. ड्राइव्ह दिसली, फोल्डरही दिसले. स्टुडिओवाल्यानं हात जोडले. पण प्लगला जरा बोट लागलं आणि ड्राइव्ह गायब.

भिंग काढलं. या डिस्कांचा प्लग रुंद आणि दोन भागांचा असतो; ३.० चा वेग त्या छोट्या भागातून येतो. जॅकमध्ये पिना सरळ होत्या, पण ज्या पायावर जॅक बोर्डाला धरून असतो, त्याच्याभोवती केसाएवढी गोल भेग. ड्राय सोल्डर. लोंबत्या डिस्कचं वजन याच पायावर येत होतं.

मोह होतो लगेच सोल्डर मारायचा. मी मारत नाही; आधी डेटा. डबा उघडला, आत साटाची डिस्क निघाली, हे नशीब. काही डिस्कांत यूएसबी जॅक डिस्कच्याच बोर्डावर असतो, मग डबा उघडून उपयोग नाही. काहींत डब्यातली चिपच डेटा कुलूपबंद करते. दुसरीकडे लावली तर नुसता कचरा दिसतो. ही सरळ होती. डॉकला लावून डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो बघितलं: खराब सेक्टरांचे ०५ आणि सी-५ हे आकडे शून्य, म्हणजे चकती ठणठणीत. चारशे जीबीची कॉपी लावली. सेकंदाला शंभर एमबी धरले तर सव्वा तास. हीच कॉपी २.० वर तीन-साडेतीन तास खाते.

१२:३०
जिनिंगचे मुनीमजी. टॅलीचा बॅकअप असलेली मोठी, टेबलावरची डिस्क. "लाइट लागते, चालत नाही." मूळ अडॅप्टर हरवला म्हणून राऊटरचा लावलेला. पिन तीच, १२ व्होल्टही तेच; पण याच्यावर एक अँपिअर छापलेलं, आणि डिस्कच्या पाठीवर दोन. अडॅप्टर बदलला, चालली. पोर्टात रुई होती, तीही चिमट्यानं काढली.

दुपारी ३:००
ऊन असं की गिऱ्हाईक नाहीच. एक कॉलेजची पोरगी आली, नवी एसएसडी रांगते म्हणून. केबल मोबाईलच्या चार्जरची. टाइप-सी हा तोंडाचा आकार झाला. आत तारा २.० च्याच असू शकतात. दुसरी केबल दिली, तिनं तिथंच एक सिनेमा कॉपी करून खात्री केली.

मग स्टुडिओच्या डिस्कच्या जॅकला फ्लक्स लावून निवांत सोल्डर मारला. जुनी केबल कात्रीनं कापली. खराब केबल खणात टाकली की दोन महिन्यांनी हमखास तीच हातात येते.

संध्याकाळी ७:००
स्टुडिओवाला आला. दोन्ही लग्नं उघडून बघितली, नवरदेवाची वरात पुढं-मागं करून बघितली. मग पैशांवर आला.

"केबल बदलली अन् एक डाग मारला, त्याचे पाचशे?"

"डागाचे पन्नास. बाकीचे काय करायचं नाही ते माहीत असल्याचे."

चारशेवर तुटलं. जाताना दाराशी थांबून म्हणाला, "तशीच आखूड केबल आणखी एक द्या. अन् ते एक्स्टेन्शन कापून टाकू का?"

"त्याच्यावर माउस लावा," मी म्हटलं. "माउसला एवढी वीज लागत नाही."