शेवटचं उत्तर कुणी दिलं?

१९७४ साली आयबीएमनं, संगणक आणि टर्मिनल यांनी एकमेकांशी कसं बोलायचं हे ठरवणारी आपली ‘सिस्टिम्स नेटवर्क आर्किटेक्चर’ ही रचना जाहीर केली. तिलाच पुढे सगळे एसएनए म्हणू लागले. तेव्हा दौंड जंक्शनात वाफेची इंजिनं धुराचे लोट सोडत होती आणि शिरूरहून ट्रंक कॉल लावला की तो लागेपर्यंत ताटकळत बसावं लागे. या दोन गावांतली पोरं पुढे त्याच एसएनएच्या जोरावर घरं चालवतील, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर ते कुणाला पटलं नसतं. पण तसं घडलं, आणि मी त्यांच्यातलाच एक. मी दौंडचा, रेल्वेच्या चाळीत वाढलेला. आमच्या कामातलं एक कौशल्य आता हातातून निसटत चाललं आहे, म्हणून त्याचा हा मागोवा. ते कौशल्य म्हणजे ट्रेस वाचणं.

आयबीएमनं १९७८ मध्ये भारतातून गाशा गुंडाळला. तिच्या इथल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. १९८६ मध्ये सीएमसीनंच इंडोनेट हे संगणकांचं व्यापारी जाळं उभं केलं. तरी मोठ्या संख्येनं माणसं मेनफ्रेमकडे, म्हणजे आयबीएमच्या त्या मोठ्या संगणकांकडे, वळली ती नव्वदच्या दशकात. सन २००० जवळ आलं तसं जगभरच्या जुन्या प्रोग्रॅममधली दोन आकडी वर्षं दुरुस्त करायचं काम निघालं, आणि त्यातलं बरंच काम पुण्या-मुंबईच्या कंपन्यांकडेही आलं. ते संपल्यावर त्याच परदेशी ग्राहकांनी यंत्रं सांभाळायचं कामही इथे सोपवलं. रात्रपाळी सुरू झाली. दौंडची मुलं शटलनं पुण्याला यायची, शिरूरची नगर रस्त्यानं एसटीनं. मेनफ्रेम सात समुद्रांपलीकडे असायचं. आमच्यासमोर फक्त त्याचा हिरव्या अक्षरांचा पडदा.

बिघाडाचा फोन ठरलेल्या शब्दांत यायचा: ‘टर्मिनल हँग झालंय.’ एवढ्यावरून काही कळत नाही. टर्मिनल, त्याचा कंट्रोलर, मोडेम, लाइन, दळणवळण सांभाळणारं यंत्र, मेनफ्रेमवर सेशन जुळवून देणारं व्हीटॅम आणि शेवटी सीआयसीएससारखी व्यवहार चालवणारी प्रणाली, यांतल्या कोणत्याही टप्प्यावर घोडं अडलेलं असू शकतं. प्रत्येक टप्प्याचा माणूस वेगळा, आणि ‘आमच्याकडे सगळं ठीक आहे’ हे प्रत्येकाचं उत्तर तयार. अशा वेळी खरं सांगणारी गोष्ट एकच, ती म्हणजे या टप्प्यांमधून प्रत्यक्ष गेलेल्या संदेशांची नोंद. तोच ट्रेस.

एसएनएमध्ये कुणीही उठून कुणाशीही बोलू शकत नाही. आधी सेशन, म्हणजे दोघांमधलं ठरवून जोडलेलं संभाषण, बांधावं लागतं. ‘मला अमुक प्रणालीशी बोलायचं आहे’ अशी विनंती टर्मिनल व्हीटॅमकडे पाठवतं. व्हीटॅम त्या प्रणालीला सीआयनिट हा संदेश देऊन कळवतं. प्रणाली टर्मिनलला बाइंड पाठवते, आणि त्यात सगळ्या अटी असतात: एका वेळी किती मोठा संदेश चालेल, दुसऱ्याला दमानं घेता यावं म्हणून किती संदेशांनंतर थांबायचं, उत्तर दर वेळी हवं की फक्त चुकल्यावर. टर्मिनलनं होकार दिला की स्टार्ट डेटा ट्रॅफिक, त्यालाही होकार, आणि मग खरं बोलणं. काम झालं की अनबाइंड. निरोगी सेशनमध्ये हा क्रम चुकत नाही. म्हणूनच तो कुठे तुटला हे शोधता येतं.

ही शिस्त दौंडच्या माणसाला नवी वाटायचं कारण नव्हतं. पुण्याकडून रेल्वे इथे १८५८ मध्ये आली, पुढे मनमाडचा फाटा निघाला. दोन स्थानकांमध्ये गाडी सोडायची तर स्टेशन मास्तर पुढच्या स्थानकाकडे लाइन क्लिअर मागतो. पुढचा ती देतो. गाडी सुटल्याची खबर जाते, ती पोचल्याची खबर परत येते, आणि यातली प्रत्येक गोष्ट वेळेसकट रजिस्टरात चढते, दोन्ही स्थानकांवर. अपघात झाला की दोन्हीकडची रजिस्टरं ताब्यात घेऊन ती एकमेकांशी ताडून पाहतात. बाइंड आणि त्याचा होकार मला पहिल्यांदा शिकवला गेला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर लाइन क्लिअर देण्याघेण्याचं, घंटा वाजवणारं ब्लॉक उपकरणच आलं. साधलेला संवाद आणि तुटलेला संवाद ओळखायची रीत तीच होती: कुणी मागितलं, कुणी दिलं, किती वाजता.

मात्र आमचं रजिस्टर मराठी-इंग्रजीत नव्हतं, ते हेक्साडेसिमल आकड्यांत होतं. जीटीएफ या साधनानं ट्रेस पकडायचा, एसीएफटॅप या प्रोग्रॅमनं तो वाचण्याजोगा करायचा, तरीही आतला मजकूर एबसिडिक या मेनफ्रेमच्या अक्षरसंकेतांत उरायचा. त्यात ‘डी’ म्हणजे सी४, ‘ए’ म्हणजे सी१, रिकामी जागा म्हणजे ४०. सराव व्हावा म्हणून नवीन मुलांना मी आधी आपल्या गावाचं नाव लिहायला लावायचो. दौंड: सी४ सी१ ई४ डी५ सी४. माझा शिरूरचा एक सहकारी त्याच्या गावाचं नाव फळ्यावर मांडायचा: ई२ सी८ सी९ डी९ ई४ डी९. चारआठ दिवसांत मुलांची नजर सरावायची. मग पानभर आकड्यांत ३१ दिसला की बाइंड, ३२ दिसला की अनबाइंड, ए० दिसला की स्टार्ट डेटा ट्रॅफिक, हे बोट न ठेवता कळायचं.

नकार आला तर त्याच्यासोबत सेन्स कोड येतो, आणि तो मोठा प्रामाणिक असतो. ०८२१ म्हणजे बाइंडमधल्या अटी समोरच्याला मान्य नाहीत. बहुतेकदा लॉगमोड, म्हणजे सेशनच्या अटींचा तयार संच, चुकीचा दिलेला असतो. ०८०५ म्हणजे सेशनची मर्यादा भरली. ०८५७ म्हणजे ज्याच्याशी बोलायचं ते टर्मिनल व्हीटॅमच्या संपर्कातच नाही. कदाचित बंद करून ठेवलं असेल. ८००५ म्हणजे ज्या सेशनचा संदेश आला ते उत्तर देणाऱ्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. एक बाजू बोलतेच आहे आणि दुसरी कधीच उठून गेली आहे, हे त्या चार आकड्यांत कळतं. ०८०२ म्हणजे यंत्राकडे माणसानं जाऊन बघायला हवं. छपाई अडली म्हणून आख्खा दिवस लाइन तपासली जायची, आणि ट्रेसमध्ये हा ०८०२ शांतपणे बसलेला असायचा: प्रिंटरमधला कागद संपला होता.

पण खरी कसोटी नकाराची नसते. नकार आला म्हणजे कुणीतरी बोललं तरी. अवघड बिघाड तो, जिथे उत्तरच येत नाही. तिथे ट्रेसमध्ये चूक म्हणून काहीच दिसत नाही. दिसतो तो संदेश, आणि त्यानंतर पुढच्या ओळी नाहीत. नवख्याला वाटतं की ट्रेस अर्धवट निघाला. जाणता माणूस मागे मागे जात शेवटचा उत्तर मिळालेला संदेश शोधतो, मग त्याच्यापुढचा पहिला अनुत्तरित संदेश. या दोघांच्या मधल्या फटीत बिघाड लपलेला असतो.

दोन हजारनंतर जुन्या लाइन गेल्या, टीसीपी-आयपी आलं. आयबीएमनं ३७४५ हे दळणवळण सांभाळणारं यंत्र विकणं थांबवलं. टर्मिनलच्या जागी पीसी आला, त्यावर टर्मिनलची नक्कल करणारी टीएन३२७० ची खिडकी. आता एकाच संवादाचे दोन मजले झाले: वर एसएनएचं सेशन, खाली टीसीपीचं कनेक्शन. याच काळातला एक बिघाड मी आजही नव्या मुलांना सांगतो.

एका परदेशी ग्राहकाच्या गोदामातून तक्रार यायची की जेवणाच्या सुट्टीनंतर टर्मिनल मरतात, आणि पुन्हा जोडायला गेलं की हे नाव वापरात आहे म्हणून नकार मिळतो. एकाला वाटे मेनफ्रेम धीमं झालं, दुसऱ्याला वाटे प्रोग्रॅम चुकला. शिरूरच्या सहकाऱ्यानं दोन्ही टोकांचे ट्रेस मागवले. एवढंच बोलला, “आधी दोन्हीकडची वेळ एका घड्याळात आणा, मग भांडा.” मेनफ्रेमची नोंद जागतिक वेळेत आणि पीसीची स्थानिक वेळेत होती. ती जुळवून दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर गोष्ट लख्ख झाली. माणसानं जेवून आल्यावर एंटर दाबलं, पीसीनं पॅकेट पाठवलं, उत्तर नाही म्हणून पुन्हा पाठवलं, पुन्हा पाठवलं. त्याच मिनिटांत मेनफ्रेमच्या ट्रेसमध्ये एकही ओळ नव्हती. मधल्या फायरवॉलनं बराच वेळ शांत असलेलं कनेक्शन आपल्या यादीतून काढलं होतं, आणि ते दोघांपैकी कुणालाही कळवलं नव्हतं. माणसानं वैतागून खिडकी बंद केली, तो निरोपही फायरवॉलपाशीच गडप. मेनफ्रेमच्या लेखी जुनं सेशन जिवंत होतं, अनबाइंड झालाच नव्हता, म्हणून त्याच नावानं आलेल्याला दार बंद. दोन तक्रारींचं मूळ एकच निघालं. फायरवॉलच्या मुदतीच्या आत, या खिडक्या जोडून घेणाऱ्या टेलनेट सर्व्हरनं शांत कनेक्शनला अधूनमधून हटकावं, अशी वेळ लावली आणि दोन्ही तक्रारी थांबल्या. प्रोग्रॅमच्या एका ओळीला हात लावावा लागला नाही.

ट्रेस वाचायची ही रीत मेनफ्रेमपुरती नाही. रेल्वेच्या आरक्षणाची यंत्रणा मेनफ्रेमवर नव्हती, ती व्हॅक्स संगणकांवर उभी राहिली. कॉन्सर्ट या प्रणालीनं १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रं जोडली, आणि दौंडसारख्या स्थानकाच्या खिडकीवर उभ्या माणसाला देशातल्या कुठल्याही गाडीचं आरक्षण मागता येऊ लागलं. त्या खिडकीवर ‘लिंक फेल’ची पाटी लागते तेव्हाही प्रश्न हाच असतो: शेवटचं उत्तर कुणी दिलं आणि पहिलं कुणी दिलं नाही? रांजणगावच्या आणि कुरकुंभच्या कारखान्यांत आज जी यंत्रं एकमेकांशी बोलतात, तीही मागणी-होकाराच्या क्रमानंच बोलतात.

आज साधनं कितीतरी चांगली झाली आहेत. पडद्यावर हिरवे-लाल दिवे लागतात, आलेख निघतात. पण दिवा लाल झाला एवढंच तो सांगतो, कुणामुळे ते नाही. शिवाय मजकूर आता कूटबद्ध होऊन जातो, त्यामुळे सी४ सी१ वाचणारी नजर तिथे चालत नाही. याचा अर्थ ट्रेसचे दिवस भरले असा अनेक जण लावतात. मला ते मान्य नाही. मजकूर झाकला गेला तरी कोण बोललं, किती वाजता, किती बाइट आणि उत्तर आलं का, हे झाकलं जात नाही. आम्ही शोधलेले बहुतेक बिघाड मजकुरात नव्हतेच. ते क्रमात आणि वेळेत होते.

म्हणून आमच्या तालुक्यांतून इंजिनिअर होऊन निघणाऱ्या मुलामुलींना मी एकच काम सांगतो. ज्या यंत्रणेची जबाबदारी घ्याल, तिचा सगळं सुरळीत चाललेल्या दिवसाचा ट्रेस काढा, ओळ न ओळ वाचा, आणि जपून ठेवा. रोगी ट्रेस हातात घेतल्यावर ‘इथे काय असायला हवं होतं’ हे त्या निरोगी ट्रेसशिवाय कळत नाही. बिघाड झाल्यावर ट्रेस घ्यायला धावणारे पुष्कळ असतात. आदल्या महिन्यातला चांगला ट्रेस ज्याच्याकडे असतो, त्याचंच बोलणं त्या रात्रीच्या बैठकीत शेवटी ऐकलं जातं.