काळ्या मातीत गेट बसवताय? आधी पिलर तपासा, मग ॲडव्हान्स घ्या!

नांदेड-लातूरकडं फॅब्रिकेशनचं दुकान टाकलं की घराच्या, बागेच्या गेटची ऑर्डर हमखास येते. उन्हाळ्यात गेट बसवलं, पैसे मिळाले, गिऱ्हाईक खूश. आणि पावसाळ्यात फोन येतो, "भाऊ, गेट लागंना की!"

बऱ्याचदा वेल्डिंग चुकलेलं नसतं. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया उथळ असेल तर पिलरही तिच्यासोबत हलतो. वरच्या टोकाला अर्धा इंच फरक पडला तरी कडी जागेवर बसत नाही. मग चकरा आपल्या, मजुरी आपली. नफा तिथंच संपतो.

म्हणून चार गोष्टी सांभाळा.

1. पाया : शक्यतो काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खोदायला सांगा. दोन्ही पिलर जमिनीखाली आरसीसी बीमनं जोडले, तर त्यांच्यातलं अंतर सहसा बदलत नाही. विटांच्या पिलरच्या पोटात सळई-काँक्रीट हवंच.

2. माप : रुंदी खाली, मध्ये आणि वर मोजा. सगळ्यात कमी येईल ते माप धरा आणि त्यातून बिजागरीची व मधली फट वजा करा. ओळंबा लावल्याशिवाय पाइप कापू नका.

3. पल्ले : 10 फुटांना एकच पल्ला नको, 5-5 फुटांचे दोन करा. पल्ल्याचं वजन निम्मं होतं आणि ते पिलरपासून निम्म्याच अंतरावर येतं. त्यामुळं पिलरवरचा ओढा चौथाईवर येतो.

4. टांगणी : होल्डफास्टचं काँक्रीट भरलं की किमान 7 दिवस पाणी मारा, मगच पल्ला टांगा. नट-बोल्टनं मागं-पुढं करता येणारी बिजागरी लावली, तर पुढं दुरुस्ती पान्यानं होते.

आता धंद्याचं बोलू. पिलर कलता दिसला तर फोटो काढा, कोटेशनमध्ये पिलरचं काम वेगळं लिहा आणि गिऱ्हाइकाची सही घ्या. नवीन माणसाला हे बोलायला जीव धजत नाही, ऑर्डर शेजारच्या दुकानात जाईल असं वाटतं. एखादी जाईलही. पण पावसात अडकलेलं गेट गल्लीतला प्रत्येक जण बघतो आणि "कुणी बसवलं?" म्हणून विचारतो. तेव्हा तुमचं नाव कसं निघावं, हे ॲडव्हान्स घेण्याआधीच ठरवा.