राखेचं कुरण

माण तालुक्यात आमच्या आत्याच्या गोठ्यात कपिली नावाची गाय होती. व्यायली की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून ती हाडं हुडकायची. ओढ्याकाठी सापडलेलं वाळकं हाड दाढेत धरून तासन्‌तास उभी राहायची. तोंडाच्या कडेनं लाळेची तार लोंबायची आणि चघळण्याचा कुरकुर आवाज ओसरीपर्यंत यायचा. आत्या हाड काढून घ्यायला गेली की कपिली मान फिरवायची. शेवटी जनावरांचे डॉक्टर आले. "आत्या, हिला स्फुरद कमी पडतंय. वासराला जे पाजते ते स्वतःच्या हाडातनं काढून पाजते," एवढं सांगून क्षारमिश्रणाची पिशवी ठेवून ते गेले. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. जमिनीत जे नाही ते चाऱ्यात उतरत नाही, आणि चाऱ्यात नाही ते आईला हाडातून द्यावं लागतं, हे त्या दिवशी कळलं आणि डोक्यातून कधी गेलंच नाही.

म्हणून टांझानियातल्या सेरेंगेटीचं स्थलांतर पाहताना मला मारा नदीतल्या मगरींपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं कोडं पडायचं. विल्डबीस्ट या गवतावर जगणाऱ्या जनावरांचे कळप नदी ओलांडून उत्तरेला जातात ते समजतं. उत्तरेला पाऊस भरपूर, गवत कमरेएवढं, नदीला बारमाही पाणी. मग पावसाळा लागताच हे सगळं सोडून ते आग्नेयेच्या उघड्या मैदानावर परत का येतात? न्गोरोंगोरोच्या डोंगररांगेनं अडवल्यामुळे तिथे उत्तरेच्या निम्म्यानंसुद्धा पाऊस पडत नाही, आणि पडतो तोही बेभरवशाचा. मैलोन्‌मैल झाड नाही. गवत वीतभरसुद्धा वाढत नाही. तरी माद्या व्यायला येतात त्या इथेच. फेब्रुवारीच्या आसपास अवघ्या दोन-तीन आठवड्यांत वर्षातली सुमारे ८० टक्के वासरं या मैदानावर जन्मतात.

या कोड्याचं उत्तर मैदानाच्या पूर्वेला उभं आहे. त्याचं नाव ओल दोइन्यो लेंगाई, म्हणजे इथल्या गुरं पाळणाऱ्या मासाई लोकांच्या भाषेत देवाचा डोंगर. उंची जवळजवळ तीन हजार मीटर आणि ज्वालामुखी अजून जिवंत. १९१७, १९४०, १९६६ आणि २००७ साली त्यानं राख उधळली. बॅरी डॉसन हा भूशास्त्रज्ञ १९६० साली त्याच्या विवरात उतरला, तेव्हा त्याला जगावेगळा लाव्हा दिसला. आपला सह्याद्री ज्या लाव्हारसाचा झाला तो अकराशे-बाराशे अंश तापमानाचा असतो. हा जेमतेम पाचशे-सहाशे अंशांचा, दिवसा पाहिला तर काळ्या चिखलासारखा, पण अतिशय पातळ. थिजल्यावर हवेतला ओलावा लागला की थोड्याच दिवसांत पांढरा पडतो. कारण तो मुख्यतः सोडियम आणि कॅल्शियमच्या कार्बोनेटचा, म्हणजे धुण्याचा सोडा आणि चुना यांच्या जवळचा. वाहता कार्बोनेट लाव्हा ओकणारा जिवंत ज्वालामुखी आज जगात हा एकच. त्या लाव्ह्यातल्या एका खनिजाला टांझानियाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या, ज्युलियस न्येरेरे यांच्या नावावरून न्येरेराइट म्हणतात.

वारा बहुतेक पूर्वेकडून वाहतो. त्यामुळे लेंगाईची, आणि त्याच्या आधी शेजारच्या आता विझलेल्या केरिमासीची राख हजारो वर्षं पश्चिमेच्या मैदानावर पडत आली. तिची चाल आजही डोळ्यांनी दिसते. ओल्डुवाई घळीजवळ काळ्या राखेची चंद्रकोरीच्या आकाराची एक टेकडी आहे. वाऱ्यानं ती वर्षाकाठी साधारण १७ मीटर पश्चिमेला सरकते. मूठभर राख वर उडवली तरी ती इकडेतिकडे विखरत नाही, लोहचुंबकी कणांमुळे पुन्हा टेकडीवरच येऊन बसते.

या राखेची जमीन कशी होते, ते पाहण्यासारखं आहे. ओल्या मुलखात ज्वालामुखीच्या राखेची माती भुसभुशीत, वजनाला हलकी, पाणी धरणारी होते, पण स्फुरद इतकं घट्ट बांधून ठेवते की पिकाला ते मिळता मिळत नाही. सेरेंगेटीत पाऊसच कमी, त्यामुळे राखेचं रूपांतर अर्ध्यावर थांबतं आणि क्षार धुऊन जात नाहीत. वरची माती करडी, पिठासारखी मऊ, गवताच्या मुळांनी गच्च विणलेली. खाली जावं तसा सामू चढत जातो, आपल्या चोपण जमिनींच्याही वर. आणि मग, कुठे हातभरावर तर कुठे कमरेइतक्या खोलीवर, पहार आपटून परत येते. पावसानं विरघळवून खाली नेलेला चुना पाणी आटल्यावर तिथेच थिजतो. वर्षानुवर्षांच्या थरांनी तिथे पांढरी, सिमेंटच्या कोब्यासारखी फरशी तयार झाली आहे. आपल्याकडे काळ्या रानात चुनखडीचे खडे लागतात, त्यांचीच ही सलग लादी समजा. झाडाचं मूळ ती फोडू शकत नाही, म्हणून मैदान उघडं. गवताला मात्र वरची हातभर माती पुरते.

पूर्वेकडून पश्चिमेकडे निघालं की राख जुनी आणि विरळ होत जाते, पाऊस वाढतो, क्षार धुपतात आणि गवत उंच होतं. अँडरसन आणि टॅलबट यांनी १९६५ साली गवताचे प्रकार आणि मातीचे गुण यांची सांगड घालणारा लेख लिहिला. तो मी इतक्यांदा वाचला आहे की त्यातल्या मातीच्या नोंदी वाचताना खड्ड्याच्या काठावर उभा असल्यासारखं वाटतं. जनावरं कुठे चरतात हे जमिनीखाली ठरतं, असं मांडणाऱ्या पहिल्या लिखाणांपैकी तो एक. पुढे १९७५ मध्ये क्रॉयलन यांनी दाखवलं की उंच गवतही हिरवंगार असताना विल्डबीस्ट आखूड गवताचीच जमीन निवडतात. त्यांनी बोट ठेवलं ते कॅल्शियमवर. सॅम मॅकनॉटन यांनी १९८८ आणि १९९० साली 'नेचर'मध्ये मॅग्नेशियम, सोडियम आणि स्फुरद यांचा हिशेब मांडला. नंतर मार्टिन मरी यांनी ताळा केला तो थेट आईच्या गरजेचा: पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या उंच गवतात दूध पाजणाऱ्या मादीला पुरेल इतकं स्फुरद नाही, राखेवरच्या गवतात आहे.

आखूड गवतात शिकारी जनावर लपत नाही म्हणून कळप तिथे येतात, असंही एक मत आहे, आणि त्यात तथ्य आहेच. पाऊस संपला की डबकी आटतात, उरलेलं पाणी खारं होतं, म्हणून त्यांना निघावं लागतं हेही खरं. पण परत येण्याचं मूळ मला स्फुरदातच दिसतं. कपिली ओढ्याकाठी जे शोधत होती, तेच या माद्यांना इथल्या गवतात मिळतं.

हे ज्ञान शास्त्रज्ञांआधी मासाईंकडे होतं. कोणत्या महिन्यात कोणतं गवत दूध वाढवतं, कुठली माती गुरांना चाटू द्यायची, हे त्यांचं रोजचं गणित होतं. तरी सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीचा वाद सुरू झाला तेव्हा तेच त्यात उपरे ठरले. १९५८ साली एका छोट्या करारावर १२ मासाई वडीलधाऱ्यांची संमती घेण्यात आली: पश्चिम सेरेंगेटी सोडून जायचं आणि पुन्हा परतायचं नाही. करार इंग्रजीत, ती भाषा न वाचता येणाऱ्या माणसांसमोर ठेवलेला. मला तो कागद अन्यायाचाच वाटतो. १९५९ मध्ये नवी हद्द आखली गेली, आणि पूर्वेकडचं राखेचं बरंचसं मैदान न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रात आलं, जिथे मासाईंना गुरं चारण्याची मुभा राहिली. त्याच वर्षी जानेवारीत मिखाएल ग्झिमेक हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ याच मुलखावर विमान चालवताना गिधाडाला धडकून कोसळला. वडील बर्नहार्ड यांच्याबरोबर त्यानं कळपांची हवाई मोजणी केली होती. त्यांच्या हिशेबात विल्डबीस्ट लाखाच्या आसपास भरले होते.

चरण्याची मुभा मिळाली, पण ती पुढे आपोआप आक्रसत गेली, आणि याचा धागा सापडतो वॉल्टर प्लोराइट या पशुवैद्याकडे. केनियातल्या मुगुगा इथे काम करताना त्यानं बुळकांडीची लस तयार केली: स्वस्त, पक्की, एका टोचणीत आयुष्यभर पुरणारी. बुळकांडीनं १८९० च्या दशकात मासाईंची बहुतेक गुरं मारली होती आणि पाठोपाठ माणसं उपासमारीनं गेली होती. मासाईंच्या आणि आसपासच्या गुरांना लस टोचली गेली, तशी १९६३ च्या सुमारास विल्डबीस्टच्या वासरांमधली बुळकांडीही थांबली. रोग येत होता तो गुरांकडूनच. १९६१ साली अडीच लाखांच्या घरात असलेले विल्डबीस्ट १९७७ पर्यंत तेरा लाखांच्या आसपास गेले.

आणि याच प्लोराइटनं १९६० मध्ये आणखी एक विषाणू वेगळा करून दाखवला होता. विल्डबीस्टला त्यानं काही होत नाही. पण गाईला त्याची लागण झाली की ताप चढतो, नाकाडोळ्यांतून घट्ट स्राव येतो, बुबुळ पांढरं पडतं, आणि ती बहुधा वाचत नाही. मासाई पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की विल्डबीस्ट जिथे व्यायतात तिथे गुरं नेऊ नयेत. ते दोष देत होते वारेला. विषाणू निघाला वासरांच्या नाकाडोळ्यांच्या पाण्यात. कारण थोडं चुकलं, पण इशारा शंभर टक्के बरोबर होता. लसीनं गुरं वाचवली, त्याच लसीनं विल्डबीस्ट वाढले, आणि वाढलेल्या विल्डबीस्टांच्या वासरांनी गुरांचं सर्वांत कसदार कुरण ऐन हंगामात व्यापलं.

म्हणून फेब्रुवारीत मासाई गुराखी आपली गुरं न्गोरोंगोरोच्या उतारावर धरून ठेवतो. वर गवत भरड आणि गोचिडांचा त्रास. खाली मैदानावर पहिल्या पावसानं फुटलेलं बोटभर गवत, आणि त्याला नाक लावून हुंगणारी, अजून पाय न सावरलेली वासरं. ती तीन-चार महिन्यांची होईपर्यंत त्याला उतरता येत नाही. तो उतरतो तेव्हा डबकी आटलेली असतात, कळप पश्चिमेला निघून गेलेले असतात, आणि करड्या मातीवर गवताची नुसती खुंटं उरलेली असतात.