सुकेळी कुठल्या कॅटेगरीत?

राजेळी केळ्यांची वसईची सुकेळी ऑनलाइन विकणाऱ्यांनी अ‍ॅडमिनमधल्या कॅटेगरी गिऱ्हाइकाच्या शोधावरून पाडाव्यात, कराच्या वर्गवारीवरून नव्हे. करासाठीच्या एचएसएन वर्गवारीत ०८०३ या शीर्षकात ताजी आणि वाळवलेली केळी एकत्रच येतात; पण सुकेळी हवी असलेला माणूस ताज्या फळांत बघणार नाही, तो ‘सुका मेवा’ किंवा ‘वसईची खासियत’ उघडेल. एचएसएन बिलासाठी वेगळ्या रकान्यात राहू द्या.

सुकेळी या दोन्ही कॅटेगरींत टाकली तर साठा दोनदा मोजला जाईल, ही शंका रास्त आहे. पण वूकॉमर्समध्ये एकच उत्पादन अनेक कॅटेगरींत बसतं, साठा एकच राहतो. हिशेब बिघडतो तो एकाच मालाच्या दोन नोंदी केल्यावर. पाव किलो, अर्धा किलो यांना मात्र कॅटेगरी देऊच नका, ती व्हेरिएशन्स. नाहीतर पुढे दुकानात अर्नाळ्याचे सुके बोंबील आणि सोडे जोडेपर्यंत मोबाइलवरचा मेनू संपता संपणार नाही.